कर्ण्यातून दिसणारी कुस्ती

बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडच्या गावांत यात्रेतल्या कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. दुपारचं ऊन कललं की हलगी कडाडते. पुढचे लोक मातीच्या कडेला मांडी घालून बसतात, त्यांच्या मागचे उभे राहतात, त्यांच्याही मागचे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढतात. ज्यांना ट्रॉलीवरही जागा मिळत नाही, ते कर्ण्याच्या खांबाजवळ थांबतात आणि कुस्ती ऐकतात.

अशाच एका हगाम्यात मी निवेदकाच्या मागे मागे हिंडत होतो. पोरासोरांच्या कुस्त्या लागायच्या होत्या. माइक हातात घेण्याआधी निवेदक पैलवान लांग बांधत होते तिथे गेला. खिशातून कागदाचे कपटे काढले आणि एकेकाला विचारायला लागला. नाव काय? वस्ताद कोण? घरात आधी कुणी पैलवानकी केलीय का? दहा-बारा वर्षांच्या एका पोराने दबक्या आवाजात गावाचं नाव सांगितलं. निवेदकाने लगेच विचारलं, “बुद्रुक का खुर्द?” पोरगं म्हणालं, “खुर्द.” निवेदकाने ते लिहून घेतलं आणि ‘खुर्द’खाली रेघ ओढली.

ती रेघ माझ्या मनातून गेलेली नाही. समालोचक म्हटलं की आपण आधी आवाजाबद्दल बोलतो. आवाज हे भांडवल खरं, पण नुसत्या आवाजावर कुणी पन्नास वर्षं आठवणीत राहत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बघणं हे समालोचकाचं काम. त्यासाठी आधी विचारावं लागतं, मग नेमकं सांगावं लागतं आणि वेळ आली की थांबावं लागतं. ही तिन्ही कामं ज्यांना साधली त्यांची नावं टिकली. मग ते मुंबईचे असोत, पुण्याचे असोत, कोल्हापूरकडचे असोत की अमेरिकेतले.

एक माणूस, एक माइक

खेळाचं धावतं वर्णन रेडिओवर सुरू झालं त्याला आता शंभरहून अधिक वर्षं झाली. ५ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’ केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन केलं. रेडिओवरून सांगितला गेलेला हा पहिला व्यावसायिक बेसबॉल सामना. बेसबॉल आपल्या गावाकडे कुणी खेळत नाही, पण तो क्रिकेटच्या नात्यातलाच. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांड्याने टोलवायचा, आणि दोन चेंडूंच्या मधे भरपूर रिकामा वेळ. समालोचकाची खरी परीक्षा त्या रिकाम्या वेळातच होते.

आपल्याकडे १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बॉबी तल्यारखान माइकसमोर बसले. भारतातलं क्रिकेटचं पहिलं धावतं समालोचन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तल्यारखान दिवसभर एकटे बोलत. पुढे आकाशवाणीने त्यांच्या जोडीला आणखी समालोचक द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी माइकच सोडला.

अमेरिकेतले विन स्कली हेही बहुतेक एकटेच बोलत. १९५० ते २०१६ अशी ६७ वर्षं त्यांनी डॉजर्स या एकाच संघाचे सामने सांगितले. जोडीदार नसला की समालोचक जोडीदाराशी बोलत नाही, ऐकणाऱ्याशी बोलतो. स्कलींचं बोलणं ओट्यावर शेजारी बसून सांगावं तसं असे, आणि त्यांची खरी ताकद त्यातच होती. १९५८ मध्ये डॉजर्स संघ न्यू यॉर्कमधलं ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. तिथे सुरुवातीला ज्या प्रचंड मैदानावर सामने होत, ते बेसबॉलसाठी बांधलेलंच नव्हतं. लांबच्या रांगांतून खेळाडू नीट दिसत नसत. म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात येऊ लागले. डोळ्यांसमोर सामना आणि कानाशी स्कली. तो प्रेक्षक आणि आपल्या हगाम्यात कर्ण्याच्या खांबाजवळ थांबणारा माणूस एकाच जातकुळीचे.

क्रिकेट मराठीत आलं ते तालमीतून

क्रिकेट इंग्रजी बोलत आपल्याकडे आलं. ते मराठीत सांगायचं तर शब्द हवे होते. मराठीतून धावतं समालोचन रुजवणाऱ्यांत सगळ्यात आधी नाव येतं ते बाळ ज. पंडित (१९२९-२०१५) यांचं. आकाशवाणीवरून त्यांनी मराठी श्रोत्यांना क्रिकेट ऐकायची सवय लावली आणि क्रिकेटवर मराठीत लिहिलंही. मैदान कधी न पाहिलेल्या माणसाला ‘मिड-ऑफ’ म्हणजे नेमकं कुठे हे सांगायचं, तेही पुढचा चेंडू पडायच्या आत, हे काम किती अवघड असेल याचा विचार करून पाहावा.

मराठी समालोचनातले आणि वर्तमानपत्रांतले क्रिकेटचे शब्द जरा जवळून पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. फलंदाज बाद होतो तेव्हा तो धावचीत होतो, पायचीत होतो, यष्टिचीत होतो, त्रिफळाचीत होतो. यातलं ‘चीत’ कुठलं? तालमीतलं. ज्याची पाठ मातीला लागली तो चीत. हिंदीत पायचीतला ‘पगबाधा’ म्हणतात, म्हणजे पायाचा अडथळा. मराठीने मात्र फलंदाजाला थेट मातीत पाडलं. क्रिकेटचा ‘डाव’ आणि पैलवानाचा ‘डाव’ एकच शब्द. ‘सलामी’ची जोडी मैदानात उतरते, आणि पैलवानही कुस्तीआधी सलामी देतात. ‘गोलंदाज’ तर मुळात तोफखान्यातला, तोफ डागणारा. आणि ‘आघाडीची फळी’, ‘मधली फळी’ हेही शब्द लढाईच्या मैदानावरचे.

म्हणजे लॉर्ड्सवरचा खेळ महाराष्ट्राच्या खेड्यात पोहोचला तो तालमीच्या आणि गडाच्या वाटेने. क्रिकेटची बॅट हातात न धरलेल्या म्हाताऱ्याला ‘पायचीत’ म्हटल्यावर फलंदाज हरला एवढं तर तत्काळ कळलं. समालोचनाचा हा पहिला धडा: नवी गोष्ट सांगायची असेल तर ऐकणाऱ्याच्या अंगणातून सुरुवात करा.

निकाल शेवटच्या शब्दाला

समालोचक घडतं तसं सांगतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते शक्य नसतं. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. अर्ध्या सेकंदात एखादाच शब्द बोलून होतो. म्हणून मुरलेला समालोचक गोलंदाजाची धाव संपायच्या आत आपलं आधीचं वाक्य संपवतो, चेंडूच्या वेळी गप्प राहतो आणि बॅटचा आवाज झाला की बोलायला लागतो. तो सांगतो ते घडून गेलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आत्ताच घडतंय.

इथे मराठीची ठेवण समालोचकाच्या मदतीला येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं. “चेंडू हवेत उंच, खाली लाँग-ऑनचा क्षेत्ररक्षक, तो मागे मागे जातोय, दोन्ही हात वर, आणि झेल...” इथपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. ‘टिपला’ की ‘सुटला’, हे एका शेवटच्या शब्दावर. तोवर ट्रान्झिस्टरभोवतीच्या सगळ्यांचा श्वास अडकलेला. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येतं आणि वाक्याच्या सुरुवातीलाच निकाल फुटण्याची भीती असते. मराठी वाक्य निकाल पोटात ठेवून चालतं. ज्याला ही ठेवण कळली त्याला आवाज फार चढवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट दिसायला साधी, पण चुकली तर सगळं फसतं: धावफलक. रेडिओ आत्ता लावलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं. रेड बार्बर हे स्कलींचे गुरू. बार्बर आपल्या टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत; अंडं उकडताना वेळ बघायला वापरतात तसं. वाळू खाली आली की ते धावसंख्या सांगत आणि घड्याळ उलटं करत. आपल्याकडे लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवायचे, त्याचंच हे धाकटं भावंड. तीन मिनिटांपूर्वी सांगितलेलं पुन्हा सांगायचा बार्बर यांना कंटाळा नव्हता, कारण मधल्या काळात कुणीतरी नवा माणूस ऐकायला आला असणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं.

आकड्यात किती गोष्ट मावते, याचं बीडचंच उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारी २०२४, दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. यजमानांविरुद्ध भारताला जिंकायला २४५ धावा हव्या होत्या आणि चार गडी गेले तेव्हा फलकावर धावा होत्या ३२. तिथून बीडच्या सचिन धसने ९६ धावा केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी केली आणि भारताने सामना दोन गडी राखून जिंकला. हा डाव सांगताना विशेषणांची गरज नाही. “३२ वर ४” हे दर थोड्या वेळाने आठवून द्यायचं आणि पुढे आत्ताचा आकडा ठेवायचा. ऐकणारा मधलं अंतर स्वतः चालतो, आणि स्वतः चाललेलं अंतर माणूस विसरत नाही.

हलगीला जागा द्यावी

८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात बेसबॉलपटू हँक आरन यांनी ७१५ वा होमरन, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे टोलवणारा फटका, मारला आणि बेब रूथ यांचा ७१४ चा विक्रम मागे पडला. आरन कृष्णवर्णीय. गोऱ्या खेळाडूचा विक्रम मोडायला निघाले म्हणून त्यांना धमक्यांची पत्रं येत होती. चेंडू कुंपणापलीकडे गेल्याचं सांगून स्कली गप्प झाले. बराच वेळ रेडिओवर फक्त लोकांचा जल्लोष ऐकू येत राहिला. मग ते बोलले, आणि बोलले ते विक्रमाच्या पलीकडचं: देशाच्या दक्षिण भागात एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, हा क्षण किती मोठा आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. आधी लोकांना ऐकू दिलं म्हणून नंतरच्या शब्दांना वजन आलं.

हगाम्यातला जाणता निवेदक हे कुणाकडून शिकायला गेलेला नसतो, तरी तो हेच करतो. जोड खडाखडी करत असते तोवर तो माहिती देतो. एकाने पट काढला, दुसरा खाली आला, घिस्सा बसला की तो माइक तोंडापासून थोडा लांब नेतो. आता हलगी बोलते. हलगीवाल्याचा हात जलद होतो, लोक ट्रॉलीवर उभे राहतात, आणि पाठ मातीला लागली की निवेदक फक्त दोनच गोष्टी सांगतो: कोण जिंकला, आणि कुठल्या डावावर. ढाक असेल तर ढाक, लपेट असेल तर लपेट, कलाजंग असेल तर कलाजंग. डावाचं नाव चुकलं की मातीच्या कडेला बसलेले जुने पैलवान तिथल्या तिथे मान हलवतात. त्या माना हीच त्याची परीक्षा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोथळीचे शंकर पुजारी यांचं नाव कुस्तीशौकिनांना सांगावं लागत नाही. कुस्तीचं निवेदन ही स्वतंत्र कला आहे, हे लोकांच्या मनावर ठसवणाऱ्यांत ते आहेत. कुस्तीच्या निवेदकाला रेडिओवाल्यापेक्षा एक जास्तीचा भार असतो. रेडिओवरचं बोलणं खेळाडूला ऐकू येत नाही. मैदानातल्या माइकवरचं प्रत्येक अक्षर पैलवानाच्या कानावर पडतं. दम टाकणाऱ्या पैलवानाला उद्देशून एखादं वाक्य गेलं तरी कुस्तीचा रंग पालटू शकतो. म्हणून दोन्ही पैलवानांना सारखं तोलावं लागतं, पंचांच्या निर्णयावर शब्द काढायचा नसतो, आणि दोन गावांतली ईर्षा तापली तर तीही माइकवरच निववावी लागते. शिवाय इनाम पुकारणं, देणगीदारांची नावं घेणं, मैदानात घुसलेल्या पोरांना मागे सारणं हे सगळं त्याच्याच गळ्यात.

विश्वासाचा धंदा

ज्याला दिसत नाही तो समालोचकाच्या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवतो. हा भरवसा किती नाजूक असतो, ते रोनाल्ड रेगन यांच्या एका आठवणीतून कळतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, ते आयोवा राज्यातल्या एका रेडिओ केंद्रावर समालोचक होते. सामना शिकागोत चाले. तारेने त्रोटक मजकूर येई आणि रेगन तो वाचून समोर सामना चालू असल्यासारखं वर्णन करत. त्या काळी अशी पद्धतच होती. एकदा तार मधेच तुटली. सामना थांबवला असं सांगितलं तर श्रोते दुसऱ्या केंद्राकडे जातील, म्हणून रेगन कित्येक मिनिटं एकच सांगत राहिले: फलंदाजाने चेंडू मारला, पण रेषेबाहेर गेला; पुन्हा मारला, पुन्हा बाहेर. फलकावर ज्याचा हिशोब राहणार नाही असं तेवढं एकच त्यांना सुचलं. ही आठवण रेगन पुढे मोठ्या आवडीने सांगत.

मला या गोष्टीत समालोचकाची कल्पकता दिसते, आणि त्याच्या पायाखालचा कडाही दिसतो. न घडलेलं सांगता येणं फार सोपं आहे, म्हणूनच घडलं तेवढंच सांगणारा माणूस मोठा. लोक ज्यांची आठवण काढतात त्यांनी सामना रंगवला म्हणून काढत नाहीत. त्यांच्या तोंडून आलेलं खरं असणार, ही खात्री होती म्हणून काढतात.

माती ते मॅट

काळ पुढे गेला तसं समालोचकाचं कामही बदललं. मातीतल्या कुस्तीचा निकाल शेंबड्या पोरालाही कळतो, पाठ लागली की संपलं. मॅटवर गुण आले. ताब्यात घेतलं की दोन, झोन सोडला तर एक, मोठी फेक असेल तर चार किंवा पाच, आणि तीन-तीन मिनिटांचे दोन भाग. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण जिंकलं ते कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवून. पुढच्याच वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत त्याने ६१ किलो गटात कांस्य मिळवलं. चितपटाची सवय असलेल्या पाटोद्याच्या प्रेक्षकाला हे १५ आणि हे ७ कुठून आले, हे समजावून सांगणं आता निवेदकाचं नवं काम आहे. जो ते समजावतो तो आपल्या मातीचा आणि जगाच्या मॅटचा सांधा जुळवतो.

दूरचित्रवाणीवर चित्र दिसतंच, तिथे ‘काय झालं’पेक्षा ‘का झालं’ महत्त्वाचं. म्हणून तिथे माजी खेळाडू आले. संजय बांगर यांचा जन्म बीडचा, १९७२ चा. २००२ मध्ये लीड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर सलामीला येऊन त्यांनी ६८ धावा काढल्या, राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागी केली आणि भारताने ती कसोटी डावाने जिंकली. आज ते हिंदीतून समालोचन करतात. अशा खेळपट्टीवर चेंडू सोडायचा कसा, हे ज्याने अंगावर सोसलंय त्याने सांगितलं की ऐकणाऱ्याला पटतं. पण खेळून आलेल्यालाच सांगता येतं असंही नाही. हैदराबादच्या मराठी घरात वाढलेले हर्षा भोगले आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले नाहीत. रसायन अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकलेल्या या माणसाने आकाशवाणीपासून सुरुवात केली आणि जगभरच्या श्रोत्यांचा विश्वास कमावला तो तयारीच्या आणि कुतूहलाच्या बळावर. अलीकडे आयपीएलचे सामने मराठीतूनही ऐकता येतात. भाषेला हे दार पुन्हा उघडलंय, आणि त्यातून नुसते आरडाओरड्याचे शब्द आत यावेत की ‘पायचीत’सारखे टिकून राहणारे, हे आता माइकवर बसणाऱ्यांच्या हातात आहे.

अमेरिकेत बेसबॉलच्या संग्रहालयातर्फे १९७८ पासून दरवर्षी समालोचकाला फोर्ड फ्रिक पुरस्कार दिला जातो. खेळाडूंच्या जोडीला समालोचकांचीही आठवण जपली जाते. आपल्या यात्रांत आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, कुस्तीचं चित्रण होतं आणि रात्रीत गावभर फिरतं. पण त्यावर बहुतेक वेळा गाणं चिकटवलेलं असतं आणि निवेदकाचा आवाज पुसला जातो. माझी कळकळीची विनंती आहे: तो आवाज ठेवा. गावाच्या यात्रा कमिटीने दर वर्षीच्या निवेदनाचं ध्वनिमुद्रण तारीख घालून जपलं, तर त्यात पैलवानांची, वस्तादांची, तालमींची वंशावळ आपोआप साठत जाईल. अशी नोंद दुसऱ्या कुठल्या दफ्तरात सापडणार नाही.

कारण त्या दिवशी मी पाहिलं ते असं. ‘खुर्द’खाली रेघ ओढलेला कपटा निवेदकाने हातात धरला आणि त्या पोराचं नाव पुकारलं. मग वस्तादाचं नाव, मग गावाचं. शेवटी जरा थांबून त्याने ‘खुर्द’ म्हटलं. मैदानाच्या पार मागे, कर्ण्याच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या पाच-सहा जणांच्या टोप्या हवेत उडाल्या. त्यांना मातीही दिसत नव्हती आणि पोरगंही. आतमध्ये आपलं कुणीतरी उतरलंय, एवढं मात्र त्यांना स्वच्छ दिसलं होतं.